एंजलला शेजार कोणाचा?

एंजलफिश या शोभेच्या माशांसाठी घेतलेला आमचा टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच आहे. उंची मुद्दाम घेतली. एंजल लांबीपेक्षा उंचीला जास्त वाढतो. नीट पोसलेला एंजल वरच्या पराच्या टोकापासून खालच्या पराच्या टोकापर्यंत वीतभर सहज भरतो. दीड फूट उंचीच्या टँकमध्ये खालची वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली, की त्याच्या वाट्याला जेमतेम फूटभर पाणी येतं. या टँकमध्ये ३०० लिटरच्या आसपास पाणी बसतं. काच, वाळू, दगड, स्टँड सगळं धरून वजन ४०० किलोच्या पुढे जातं, म्हणून तो नागपूरच्या मानेवाड्यातल्या आमच्या घरी तळमजल्याच्या हॉलमध्येच ठेवला. इथपर्यंत सगळं पटापट ठरलं. घोडं अडलं ते शेजारी निवडताना.

दुकानात विचारा नाही तर फोनवर शोधा, उत्तर ठरलेलं: एंजलसोबत शांत मासे ठेवा. पण एंजल स्वतः कुठे शांत आहे? तो सिक्लिड कुळातला, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न हे त्याचे भाऊबंद. दिसायला संथ, डौलदार, पण एखादा कोपरा आवडला की बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यासारखा तिथे हक्क सांगतो. त्यामुळे ‘शांत’ हा शब्द मी बाजूलाच ठेवला आणि प्रत्येक माशाला तीन प्रश्न लावले. एंजल पूर्ण वाढल्यावर हा त्याच्या तोंडात मावेल का? हा एंजलचे पर कुरतडेल का? आणि नागपूरचा मे महिना याला झेपेल का? तिसरा प्रश्न मला कुठल्याच तयार यादीत दिसला नाही, आणि माझी निम्मी यादी त्यानेच कापली.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नंदनवनला, माझ्या दिरांच्या घरी मिळालं. त्यांनी पाच रुपयांच्या नाण्याएवढे एंजल आणि निऑन टेट्रा एकत्रच सोडले होते. निळ्या-लाल पट्ट्यांचा तो थवा आणि मधून फिरणारे चंदेरी एंजल, दिसायचं फार छान. “वहिनी, लहानपणापासून सोबत आहेत, ओळखतात एकमेकांना,” असं भाऊजी सगळ्यांना सांगायचे. एंजल मोठे झाले आणि निऑन मोजताना कमी भरायला लागले. मेलेला मासा कुठे सापडेना, फिल्टरच्या स्पंजमध्येही नाही. एकदा मुक्कामाला असताना मी पहाटे पाणी प्यायला उठले आणि स्वयंपाकघरातल्या उजेडात तो प्रकार डोळ्यांनी पाहिला. निऑन रात्री जवळजवळ जागच्या जागी तरंगत झोपतात, त्यांची पट्टीही फिकी पडते. एंजल मात्र जागा झालेला होता. त्याने पाठलाग वगैरे काही केला नाही. अंग स्थिर, फक्त छातीचे पारदर्शक पर थरथरताहेत, डोकं किंचित खाली कललेलं. मग जबडा एकदम पुढे आला आणि निऑन आत ओढला गेला. शेपटीकडचा लाल तुकडा तेवढा ओठांतून क्षणभर दिसला. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातही एंजल छोटे मासे खातोच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. साडेतीन सेंटिमीटरचा सडसडीत मासा मोठ्या एंजलसोबत ठेवणं म्हणजे त्याला जरा महागडं खाद्य घालणं. पिल्लं देणाऱ्या गप्पीचंही तेच. नर गप्पीची शेपटी लांब असली तरी अंग निऑनएवढंच.

दुसरा प्रश्न कुरतडण्याचा. सीताबर्डीतल्या एका दुकानात टायगर बार्ब आणि एंजल एकाच टँकमध्ये होते. दुकानदार म्हणाला, “ताई, टायगर टाका ना बिनधास्त, टँक कसा चमकते पाहा. एंजलले काही होत नाही.” एंजलच्या पोटाखाली दोन लांब धागे लोंबतात, ते त्याच्या पोटाचे पर. त्याच्या टँकमधल्या एंजलचे दोन्ही धागे अर्ध्यावर तुटलेले होते आणि शेपटीची कड करवतल्यासारखी दिसत होती. मी विचारलं, “मग याच्या मिशा कुठे गेल्या?” तर म्हणतो, “येतात ना जी वापस!”

वापस येतात, तेवढं खरं आहे. पर पुन्हा फुटतात. पण रोजच कुरतडले गेले तर फुटणार कधी? शिवाय जखमेवर बुरशी बसते ती वेगळीच. टायगर बार्ब दहा-बाराच्या थव्यात ठेवले तर आपापसात भांडतात आणि इतरांना त्रास कमी देतात, असं अनुभवी लोक सांगतात. तसं होतही असेल, पण समोर लांब पर घेऊन संथ फिरणारा मासा असताना मी ती पैज लावणार नव्हते. सर्पे टेट्राही याच कारणाने बाद. विडो टेट्रा काठावरचा, कुणाकडे गुण्यागोविंदाने राहतो, कुणाकडे चावे घेतो. दुकानात त्याचे गुलाबी, हिरवे, निळे प्रकार मिळतात. त्यातले कितीतरी मुळात रंगहीन मासे असतात, त्यांना वरून रंग दिलेला असतो आणि तो काही महिन्यांत उतरतो. माशाला असा रंग लावणं मला पटत नाही, म्हणून विडोच्या वाटेला गेलेच नाही.

आमच्या पोराने सिल्व्हर शार्क पसंत केला होता. दुकानात तो बोटभर असतो, वाढून फूटभर होतो, थव्याने राहतो आणि घाबरला की टँकभर सुसाट सुटतो. चार फुटांत ते जमणारं नाही. गोल्डफिश गार पाण्याचा आणि घाण भरपूर करणारा. तो इथे विषयच नाही.

आता तिसरा प्रश्न. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, नवतप्यात रात्रीसुद्धा भिंती गरम लागतात. हॉलमध्ये कूलर चालू असला तरी टँकचं पाणी ३२-३३ अंशांवर जाऊन बसतं. एंजल मूळचा उबदार पाण्याचा, २५ ते २८ मध्ये मजेत, ३० लाही कुरकुर करत नाही. पण त्याच्या नावाशी जोडून सुचवले जाणारे कितीतरी मासे २५-२६ च्या वर सुस्तावतात. निऑन त्यातलाच. ‘मिस केरळ’ नावाने विकला जाणारा डेनिसन बार्ब मला फार आवडतो. पश्चिम घाटातल्या झऱ्यांचा मासा, लाल-काळी रेघ, आपल्याच देशातला. पण त्याला हवं वाहतं, गार, प्राणवायूने भरलेलं पाणी. मानेवाड्यात मे महिन्यात ते मी कुठून आणू? जंगलात त्याची संख्या घटलेली आहे, हेही मनात होतंच. तो यादीतून काढताना जिवावर आलं.

गरम पाण्याचा खरा जाच असतो तो प्राणवायूचा. २५ अंशांना लिटरभर पाण्यात ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३ पर्यंतच. वर उष्म्याने माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढलेले, म्हणजे गरज जास्त आणि साठा कमी. पाणी गरम आणि त्याचा सामू (pH) चढा असेल तर माशांच्या घाणीतून येणारा अमोनियाही जास्त विषारी ठरतो, त्यामुळे हिवाळ्यात खपून गेलेली गर्दी उन्हाळ्यात अंगाशी येते. मासे किती ठेवायचे हा हिशेब नागपुरात जानेवारीत करू नये, मे डोळ्यासमोर ठेवून करावा.

उपाय आहेत. टँकची झाकणं काढून वर जाळी ताणली आणि दोन लहान पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे लावले, की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. आपला कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच इथेही. आपली कोरडी हवा यात चांगली साथ देते. पावसाळ्यात कूलर जसा नुसता दमट वारा फेकतो तसा हा पंखाही निकामी होतो, पण तोवर गरजही संपलेली असते. पाणी मात्र रोज बादली-दीड बादली उडतं. ती भर बोअरच्या पाण्याने घालू नये. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. वरून जड पाण्याची भर घातली तर महिनाभरात टँकमधलं पाणी कुठल्या कुठे जातं. आमच्या बोअरच्या बादलीला पांढरा थर बसतो. मी पेंच धरणाचं नळाला येणारं पाणी अँटीक्लोरीन टाकून वापरते. लाइट जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप टँकच्या मागे लावून ठेवलेला असतो. आणि डिसेंबर-जानेवारीत, रात्री पारा १० च्या खाली गेला, की त्याच टँकला २६ अंशांवर लावलेला हीटर लागतो. म्हणजे शेजारी असा हवा, की उन्हाळ्यात गरम पाण्यात तग धरेल आणि हवेतूनही थोडाफार श्वास घेऊ शकेल तर सोन्याहून पिवळं.

असे मासे असतात. तळाशी फिरणारी कोरी त्यातलीच एक. मधूनच ती बाणासारखी सरळ वर जाते, पृष्ठभागावर हवेचा घोट घेते आणि तितक्याच वेगाने खाली येते. ती हवा तिच्या आतड्यात शोषली जाते. पण कोरी म्हटलं की सगळ्या सारख्या नाहीत. दुकानात सहज मिळणारी ठिपक्याठिपक्यांची पेपर्ड कोरी गार पाण्याची आहे. सदर भागातल्या एका दुकानातल्या काकांनी मला थांबवलं. “बाई, ही नका घेऊ. स्टरबाय घ्या. महाग पडते, पण मे काढते.” स्टरबाय कोरी म्हणजे गडद अंगावर पांढरे टिपके आणि छातीचे पर नारिंगी. २८ अंशांत ती आनंदात असते. दुकानदाराने महाग मासा गळ्यात मारायचा प्रयत्न केला की मी सावध होते, पण काकांचा हा सल्ला वाचलेल्या माहितीशी जुळला. सहा घेतल्या. कोरीला एकटं ठेवू नये, आणि टोकदार खडीवर तर मुळीच नाही, मिशा झिजतात. आमच्याकडे बारीक वाळू आहे. त्यांचं खाद्य म्हणजे बुडणाऱ्या गोळ्या, दिवा मालवल्यावरच टाकाव्या लागतात. उजेडात टाकल्या तर एंजल त्या खाली जायच्या आत गट्ट करतात आणि कोरी उपाशी राहतात. शेजारी निवडताना कोण कोणाला खातो एवढं बघून भागत नाही, कोण कोणाचं खातो हेही बघावं लागतं.

हवेतून श्वास घेणारा दुसरा म्हणजे गुरामी. निळा गुरामी तापट डोक्याचा, एंजलशी त्याची जुंपायला वेळ लागत नाही. मोती गुरामी मात्र वेगळा. अंगभर मोत्यांसारखे ठिपके, मधून काळी तुटक रेघ, वाढ १०-१२ सेंटिमीटर. एक नर आणि दोन माद्या आणल्या. गुरामीच्या पोटाचे परही धाग्यांसारखे असतात आणि तो त्यांनी समोरची वस्तू चाचपतो. पहिल्या आठवड्यात तो एंजलला अंगभर चाचपत हिंडायचा आणि एंजल तिरका होऊन नुसता बघायचा. भांडण झालं नाही. वर तरंगणारी थोडी झाडं असली की गुरामीला आडोसा मिळतो, मग तो मधल्या पाण्यावर हक्क सांगायला येत नाही.

थव्याच्या जागी लाल नाकाचा टेट्रा घेतला, दुकानात रमीनोज म्हणून मिळतो. याबद्दल मी बरीच घुटमळले. अंगाने तो सडसडीत आहे, पहिल्या प्रश्नाच्या काठावरच येतो. पण ५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, थवा घट्ट धरतो आणि निऑनपेक्षा चपळ आहे. २४ ते २८ हे त्याचं सुखाचं पाणी, ३० पर्यंत निभावून नेतो. काकांना सांगून पूर्ण वाढलेलेच मागवले. कोलकात्याहून माल आला तेव्हा बारा निवडून घेतले. पातळ, लहान एकही घेतला नाही. या माशाचा एक फायदा असा, की पाणी बिघडलं तर त्याच्या नाकाचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो. टेस्ट किटची बाटली काढायच्या आधीच मला खबर मिळते. ज्यांना धोका अजिबात नको त्यांनी उंच अंगाचा लेमन टेट्रा बघावा.

काचेवरचं शेवाळ खायला ‘सकर’ टाकायचा आग्रह प्रत्येक दुकानात होतो. तो साधा सकर फूटभराच्या पुढे वाढतो, आणि मोठा झाला की रात्री एंजलच्या चपट्या अंगाला चिकटून वरचा बुळबुळीत थर खरवडतो. सकाळी एंजलच्या कुशीवर गोल चट्टा दिसला तर समजून जावं. आणि आवरेनासा झाला म्हणून त्याला तलावात सोडणारे लोक आहेत, ते तर कृपा करून कोणी करू नये. परदेशी मासा आहे, इथल्या पाण्यात माजतो. त्याऐवजी ब्रिसलनोज घेतला. १२-१३ सेंटिमीटरवर थांबतो, लाकडाच्या ओंडक्याखाली पडून असतो, आपल्या कामाशी काम.

आणायची पद्धतही सांगते, कारण निवड कितीही चांगली असली तरी इथे चुकलं तर सगळं पाण्यात. उन्हाळ्यात मासे दुपारी आणू नयेत. गाडीच्या डिक्कीत पिशवी शिजते. मी संध्याकाळी, थर्माकोलचा डबा घेऊन जायची. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या दोन फुटी टँकमध्ये ठेवायचे, पांढरे ठिपके, बुरशी, आत गेलेली पोटं बघायची आणि मगच मोठ्या टँकमध्ये. क्रम असा: आधी कोरी, मग टेट्रा, मग गुरामी आणि एंजल सगळ्यात शेवटी. एंजल आधी सोडले तर ते टँकचे मालक होऊन बसतात आणि नंतर येणारा प्रत्येक मासा घुसखोर ठरतो. नंतर कोणी वाढवायचा झालाच, तर दगड-लाकडांची मांडणी बदलून, दिवा बंद करून सोडावा.

एंजल सहा घेतले होते, लहानच. नर-मादी वरून ओळखता येत नाही, म्हणून गटाने वाढवून जोडी आपोआप जमू द्यायची हीच रीत आहे. जोडी जमली आणि निम्मा टँक त्यांचा झाला. दोघांनी मिळून फिल्टरचा उभा पाइप तोंडाने घासून स्वच्छ केला, आणि मादीने त्यावर खालून वर सरकत अंड्यांच्या ओळी लावल्या. अर्धपारदर्शक, मोहरीहून लहान दाणे, अगदी शिस्तीत. मागून नर. मग दोघं आळीपाळीने छातीच्या परांनी अंड्यांवर पाणी ढकलत राहिले. दुसऱ्या दिवशी जी अंडी पांढरी पडली ती वेचून काढली. आणि ज्यांच्याशी इतके दिवस बरं चाललं होतं ते सगळे शेजारी उजव्या कोपऱ्यात गोळा. रमीनोजचा थवा काचेला चिकटलेला, गुरामी वरच्या झाडांत दडलेला, बाकीचे चार एंजल तर हीटरमागे, पर मिटून.

अंडी दोनदा रात्रीतून गायब झाली. जोडी लहान असली की स्वतःच अंडी खाते, हे माहीत आहे. पण दुसऱ्या वेळी मी दिवा मालवल्यावर टॉर्च घेऊन बसले, तर कोरी एकापाठोपाठ पाइपवर चढत होत्या. अंधारात एंजलला धड दिसत नाही आणि कोरीला दिसण्याची गरज नाही, ती मिशांनी शोधते. अंड्यांसाठी कोरी वाईट शेजारी आहे, हे मान्य. पण मला पिल्लं विकायची नाहीत, टँक नांदता हवा आहे. त्यामुळे कोरी राहिल्या.

चार एंजल मात्र राहू शकले नाहीत. जोडीने एकाच्या शेपटीचे लचके काढले तेव्हा मी चौघांनाही दोन फुटी टँकमध्ये हलवलं आणि आठवड्याने सदरच्या काकांकडे नेऊन दिलं. काकांनी पैशांऐवजी आणखी दोन स्टरबाय दिल्या. आता टँकमध्ये एंजलची एक जोडी, आठ कोरी, बारा रमीनोज, तीन गुरामी आणि एक ब्रिसलनोज आहेत. नवी अंडी दिसली, की मी मधोमध अ‍ॅमेझॉन सोर्ड या पाणवनस्पतीच्या दोन कुंड्या सरकवते. जोडीला पलीकडचं दिसेनासं होतं, मग हल्ले त्यांच्या बाजूपुरतेच राहतात आणि बाकीच्यांना खाद्य टाकायला उजवी बाजू मोकळी मिळते.